ग्लायफोसेटचे आठ दिवस आणि टू-फोर-डीचा महिना

मृगाचा पाऊस पडून रान हिरवं झालं की कृषी केंद्रात एकच प्रश्न: तणनाशक फवारल्यावर पेरणीला किती दिवस थांबायचं? उत्तरही एकच, ‘आठ-दहा दिवस’. बाटली ग्लायफोसेटची असो की टू-फोर-डीची. घोटाळा इथंच होतो.

ग्लायफोसेट हिरव्या पानातून आत शिरून मुळाशी उतरतं. जमिनीवर पडलेलं मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे बियाला सहसा त्रास होत नाही. मग आठ दिवस कशाला? हराळी आणि कुंदा या चिवट तणांसाठी. औषध त्यांच्या काशांपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या खोडांपर्यंत, पोचायच्या आत वखर फिरवलं तर वरचं वाळतं नि खालून पुन्हा फुटतं. बोअरचं जड पाणी किंवा गढूळ पाणी वापरलं तर तेवढंही काम होत नाही. (लेबलनुसार ग्लायफोसेट चहाच्या मळ्यांपुरतं आणि पीक नसलेल्या जागेपुरतंच आहे. २०२२च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे फवारणीही कीडनियंत्रण व्यावसायिकाकडूनच करून घ्यायची. दुकानात हे क्वचितच कुणी सांगतं.)

टू-फोर-डीसाठी थांबायचं ते पिकासाठी. ते रुंद पानाच्या तणांवर, म्हणजे गाजरगवतावर वगैरे चालतं. पण कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा हीसुद्धा रुंद पानाचीच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात ते मातीला फारसं धरून राहत नाही, कोवळ्या मुळांच्या वाटेत येतं. त्याला संपवतात जमिनीतले जिवाणू, आणि त्यांना ओल लागते. ओल्या, उबदार रानात एक-दोन आठवड्यांत ते निम्म्यावर येतं. पावसानं दडी मारली, आणि मराठवाड्यात ती मारतोच, तर कॅलेंडर पुढं सरकतं, औषध जागेवरच. कापूस-सोयाबीनला मी किमान महिना धरतो आणि कोरडे दिवस त्यात मोजत नाही. जूनमध्ये एवढा महिना कुणाच्या हातात असतो? नसेल तर पेरायच्या रानात ते मारूच नये, सरळ वखराची पाळी घालावी.

दोन्ही एकाच पंपात मिसळून मारली असतील तर हिशेब टू-फोर-डीचाच.

शंका असेल तर फवारलेल्या रानातली माती एका डब्यात आणि न फवारलेली दुसऱ्यात भरा, दोन्हीत सोयाबीनचे दहा-दहा दाणे टाका, ओल ठेवा. दोन आठवड्यांत पहिल्या डब्यातली रोपं पिळवटली तर थांबायचं. कापूस तर याहून नाजूक. धुऱ्यावर मारलेल्याचा नुसता वारा लागला तरी त्याची पानं भेंडीसारखी निमुळती होतात. एवढासा अंशही पुरतो, म्हणून टू-फोर-डीचा पंप वेगळाच ठेवा.