प्लेट कॉलम चालतो पाण्याच्या नळावर

न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. त्यामुळे तिथल्या गॅरेजांत तांब्याचे चार प्लेटांचे कॉलम (आत एकावर एक आडव्या प्लेटा असलेले, दारू गाळायचे उभे नळकांडे) दिसतात. (महाराष्ट्रात विनापरवाना गाळणं हा गुन्हाच आहे.)

गोव्यात उर्राक (काजूच्या रसाचं पहिलं गाळप) पुन्हा भाटीत चढवला की फेणी होते. प्लेट कॉलम हे फेरगाळप एकाच बैठकीत उरकतो. 10 टक्के अल्कोहोलचं आंबवण उकळलं की वाफेत ते 50 टक्क्यांच्या आसपास जातं. ही वाफ पहिल्या प्लेटवरच्या द्रवातून बुडबुडत वर येते, तिथे थोडी थिजते आणि त्याच उष्णतेने आणखी कडक वाफ निघते. असं चार वेळा झालं की नळीतून 85 ते 90 टक्क्यांचं येऊ शकतं.

प्लेटवर द्रव येतो वरून. माथ्याच्या डिफ्लेगमेटरमध्ये (वाफेचा काही भाग थिजवणाऱ्या कंडेन्सरमध्ये) गार पाणी फिरतं. तिथे थिजलेला भाग खाली परततो आणि डाउनकमर म्हणजे द्रव खालच्या प्लेटवर नेणाऱ्या नळीतून एकेक प्लेट उतरतो. या नळीचं खालचं टोक द्रवात बुडालेलं हवं. नसेल तर वाफ तिथूनच वर पळते आणि प्लेट कोरडी राहते. काचेच्या खिडकीतून हे लगेच कळतं.

नवशिक्याचा हात आचेवर जातो, पण चालवायचा असतो पाण्याचा नळ. 4 इंची कॉलमला 3 किलोवॅटच्या आसपास आच देऊन ती स्थिर ठेवा. आच जास्त झाली तर प्लेटा तुंबून फेस माथ्यापर्यंत चढतो. कमी झाली तर छिद्रांच्या प्लेटा गळून रिकाम्या होतात. बबल कॅपच्या प्लेटा (वाफेच्या वाटेवर टोप्या बसवलेल्या) द्रव धरून ठेवतात, म्हणून शिकायला त्याच बऱ्या.

प्लेटा भरल्या की डिफ्लेगमेटरचं पाणी वाढवून बाहेरची धार पूर्ण थांबवा आणि 20-30 मिनिटं तसंच चालू द्या. हलके घटक वर गोळा होतात. मग पाणी अगदी थोडं कमी करून दोन-तीन मिनिटं थांबा. इथेच घाई नडते: परिणाम उशिरा दिसतो, तोवर नळ दुसऱ्यांदा फिरवलेला असतो आणि धार एकदम सुटते. साध्या नळाऐवजी पाणी बारीक कमी-जास्त करणारा सुईचा व्हॉल्व्ह लावा. घरात कुणी फ्लश ओढला तरी दाब बदलतो, म्हणून प्रेशर रेग्युलेटरही हवा. बाहेर येणारी वाफ थिजवणाऱ्या मुख्य कंडेन्सरच्या पाण्याला वेगळा व्हॉल्व्ह द्या.

‘पहिल्या धारेची’ म्हणून कितीही कौतुक असो, 40 लिटर आंबवणातले पहिले 150-200 मिली फेकायचे. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट भरपूर असतं. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. पुढचं छोट्या बरण्यांत क्रमाने भरा आणि कापणी, म्हणजे कुठल्या बरण्या ठेवायच्या ते, दुसऱ्या दिवशी, पाणी घालून, नाकाने ठरवा. थर्मामीटरवर विसंबू नका. हवेच्या दाबाप्रमाणे उत्कलनबिंदू सरकतो. शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागला की डिफ्लेगमेटरचं पाणी वाढवून तो काही काळ रोखता येतो.

वाफेची बाहेरची वाट कधीही बंद करू नका. हवेत 3.3 टक्के अल्कोहोलची वाफ पेट घ्यायला पुरते.