गजाची पकड आणि गंज

लातूरमधील एका जुन्या घरात न्हाणीघराखालच्या स्लॅबचा ताटलीएवढा तुकडा निखळून पडला होता. तो उलटा करून पाहिला, तेव्हा त्यात गजाचा अर्धगोल साचा स्पष्ट उमटलेला दिसला; गजावरच्या तिरप्या कंगोऱ्यांच्या खाचाही होत्या, पण बोट फिरवताच त्यांतून तपकिरी भुकटी निघाली. मिस्त्रींनी वर बघून निर्वाळा दिला, “गज अजून जाडच आहे, साहेब. वरून प्लास्टर मारलं की झालं.” गज जाड होता, हे खरेच. मात्र काँक्रीटमधला गज केवळ जाडीवर नव्हे, तर पकडीवर काम करतो आणि गंजाचा पहिला मोठा घाव बसतो तो या पकडीवर.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसवत नाही. तो ताण गजाने घ्यायचा असतो आणि त्यासाठी दोघांनी एकमेकांवरून घसरता कामा नये. ही पकड तीन गोष्टींची बनलेली असते : सिमेंटचे गजाला चिकटणे, दोघांमधले घर्षण आणि कंगोऱ्यांचे काँक्रीटमध्ये रुतणे. चिकटणे किंचित घसरणीतच संपते. खरी भिस्त असते ती कंगोऱ्यांवर. म्हणूनच काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात गुळगुळीत गजापेक्षा कंगोऱ्यांच्या गजाची पकड ६० टक्के अधिक धरली आहे. त्या हिशेबाने एम-२० या मजबुतीच्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये एफई-५०० या प्रतीच्या पोलादाच्या १२ मिलिमीटर जाड गजाला पूर्ण ताण पेलण्यासाठी सुमारे ६८० मिलिमीटर लांबी आत रुतलेली लागते. पकड निम्म्यावर आली, तर तेवढ्याच ताणासाठी दुप्पट लांबी हवी, आणि ती बांधून झालेल्या घरात आणायची कुठून?

ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो व त्या अल्कधर्मी वातावरणात गजावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून हा सामू नऊच्या खाली आणतो आणि मग तो थर टिकत नाही. हवेतील आर्द्रता ५० ते ७० टक्के असताना ही क्रिया सर्वांत वेगाने होते. मराठवाड्याच्या हवेत असे दिवस कमी नाहीत. पुढे गंज धरायला पाणी लागते आणि ते न्हाणीघराची गळती किंवा गच्चीवरची टाकी पुरवते. टंचाईच्या दिवसांत मिळेल त्या बोअरच्या पाण्यावर स्लॅब टाकला, तर पाण्यातले क्लोराइड (खारटपणा देणारे क्षार) हाच संरक्षक थर जागोजागी भेदते. मानकाने गजाच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. पण खारट पाणी तपासून पाहण्याची तसदी घरबांधणीत कितीजण घेतात?

गंजाची गंमत अशी की, सुरुवातीला तो पकड थोडी वाढवतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने तो गजाभोवती दाटून बसतो आणि घर्षण वाढते. हाच दाब वाढत जाऊन अखेर बाहेरचे कव्हर, म्हणजे गजावरचे काँक्रीटचे आवरण, गजाच्या लांबीला समांतर तडकते. मग कंगोऱ्यांना आवळून धरणारे कोणी उरत नाही, मधे भुकटीचा मऊ थर साचतो आणि पकड झपाट्याने घसरते. यासाठी फार लोखंड खर्ची पडावे लागत नाही. १२ मिलिमीटरच्या गजाचा सर्व बाजूंनी ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही पातळ, थर गेला तर क्षेत्रफळ जेमतेम पावणेदोन टक्के घटते. कव्हर तडकायला मात्र एवढा गंज बहुधा पुरतो. मिस्त्रींचा “जाड गज” तो हाच. बीम आणि कॉलममध्ये जवळजवळ बांधलेल्या रिंगा तडकलेल्या काँक्रीटलाही आवळून धरतात, त्यामुळे तिथे पकड बरीच टिकते; स्लॅबमध्ये रिंगा नसतात.

प्लास्टरने गेलेली पकड परत येत नाही. सैल काँक्रीट गजाच्या मागच्या बाजूपर्यंत फोडून काढणे, गज लख्ख घासणे, झिजला असेल तर जोडगज देणे आणि मग दुरुस्तीचा मसाला दाबून भरणे, असे सगळे करावे लागते. अर्थात गळती आधी थांबवून.

नुकसान कुठे आहे, हेही पाहावे लागते. मध्यभागी पकड गेली तरी गजाची टोके घट्ट असतील, तर भार काही काळ कमानीसारखा टेकूंकडे जातो. टोकांची पकड सुटली, तर गज सरकतो आणि ताण घ्यायला काही उरत नाही. त्या घरात हातोडीने ठोकत गेलो, तेव्हा काँक्रीट सुटल्याचा बद्द आवाज पडलेल्या तुकड्याच्या जागेपुरता थांबला नाही. तो थेट भिंतीपर्यंत, म्हणजे गजाच्या टोकापर्यंत, येत राहिला, आणि स्लॅबखाली लगेच टेकू लावावे लागले.