कार्बन डायऑक्साइड नियमनाचा वाद (अमेरिका)

कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर शासनाने मर्यादा घालावी काय आणि घालायची तर कोणत्या अधिकाराने, याविषयी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चालत आलेला सार्वजनिक वाद. विजेचे दर, खाणकामगारांचा रोजगार हे मुद्दे त्यात वरचेवर येतात. पण खरी गाठ ‘प्रदूषक’ या एका शब्दात आहे.

हा वायू श्वासातून बाहेर पडतो, वनस्पती त्यावर पोसतात, मग तो प्रदूषक कसा, हा विरोधकांचा रोकडा सवाल. नियमनाचे समर्थक त्याच्या वाढत्या प्रमाणावर बोट ठेवतात : हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत 1958 मध्ये दशलक्षांत सुमारे 315 भाग मोजला गेलेला हा वायू आता 420 च्या वर आहे.

स्वच्छ हवा कायद्यातील व्याख्या (1970, 1977 मध्ये विस्तारित) ऐसपैस आहे. हवा दूषित करणारा घटक म्हणजे प्रदूषक, असे सांगून ‘हवेत सोडला जाणारा कोणताही भौतिक वा रासायनिक पदार्थ’ तीत समाविष्ट केला आहे. ‘कोणताही पदार्थ’ हे पोटकलम स्वतंत्र वाचायचे की ‘हवा दूषित करणारा’ या मूळ शब्दांच्या अधीन, यावर काथ्याकूट झाला. हा कायदा राबविणाऱ्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच (ईपीए) विधी सल्लागारांनी 1998 मध्ये या वायूच्या नियमनाचा अधिकार असल्याचे मत दिले, तर 2003 मध्ये नेमके उलट. मॅसॅच्युसेट्स विरुद्ध ईपीए या खटल्यात (2007) सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी हा वायू व्याख्येत बसतो असे ठरविले. अशा अर्थाने हवेत उडणारी फ्रिस्बीसुद्धा प्रदूषक ठरेल, असा टोला न्यायमूर्ती स्कालिया यांनी भिन्नमतपत्रात लगावला.

1970 च्या कायदेकर्त्यांच्या मनात हा वायू नव्हता, असा एक पक्ष आहे. तथापि, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या 1965 च्या अहवालात त्याच्यावर स्वतंत्र परिशिष्ट आहे, आणि लोककल्याणावरील परिणामांच्या यादीत ‘हवामान’ हा शब्द मूळ कायद्यातच आढळतो. हे पाहता तो विषय त्यांना सर्वस्वी अपरिचित असावा, हे पटण्यासारखे नाही.

व्याख्येत बसला तरी हा वायू यंत्रणेत सहज बसत नाही. मोठ्या स्थिर स्रोतांना परवाना सक्तीचा करणारी वर्षाला 100 वा 250 टनांची मर्यादा गंधक डायऑक्साइडसारख्या वायूंना शोभते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र मोठ्या इमारतीचा बॉयलरही ती ओलांडतो. संस्थेने ही मर्यादा स्वतःच हजारो टनांवर नेली. कायद्यातील आकडे असे बदलता येणार नाहीत, असे न्यायालयाने 2014 मध्ये बजावले. पुढे वेस्ट व्हर्जिनिया खटल्यात (2022) वीजनिर्मिती कोळशावरून अन्य स्रोतांकडे वळविण्याचा संस्थेचा अधिकारही 6 विरुद्ध 3 मतांनी नाकारला गेला. 2007 चा निकाल मात्र रद्द झाला नाही.

संसदेची कामगिरी त्रोटक आहे. उत्सर्जन-परवान्यांच्या व्यापाराचे विधेयक प्रतिनिधिगृहाने 2009 मध्ये 219 विरुद्ध 212 मतांनी संमत केले. सिनेटमध्ये ते मतदानालाच आले नाही. 2022 च्या महागाई-कपात कायद्याने या वायूला काही अनुदान-कलमांपुरते ‘प्रदूषक’ म्हटले. हरितगृह वायूंपासून आरोग्यास धोका असल्याचा 2009 चा अधिकृत निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव संस्थेने 2025 मध्ये मांडला, तेव्हाही तिचा मुख्य युक्तिवाद कायद्याने तसा अधिकार दिलेला नाही, हाच होता.