बोंडअळी पंधरवडा मोजत नाही
"दर 15 दिवसांनी फवारा मारला की कपाशीवर गुलाबी बोंडअळी येत नाही", हा समज यवतमाळ-अकोल्याकडे पक्का बसलाय. तो चूक आहे. अळीची वाढ उष्णतेवर चालते. कमाल-किमान तापमानाची सरासरी काढा, त्यातून साधारण 13 वजा करा, कारण त्याखाली अळी वाढत नाही. सप्टेंबरात 33 आणि 23 असेल तर वाढीसाठी दिवसाला 15 अंश जमतात. डिसेंबरात 28 आणि 12 असेल तर फक्त 7. म्हणजे तीच वाढ दुपटीहून जास्त दिवस घेते. शिवाय अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, छिद्र बुजतं, मग औषध पोचणार कसं? विष मात्र मारणाऱ्याच्या अंगावर येतं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, फिरून एकरी 20 हिरवी बोंडं तोडा, फोडून पाहा. दोन बोंडांत जिवंत अळी दिसली, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले, तरच फवारा.