डीएमडी आणि वजन: दोन उलट्या सल्ल्यांमागचा इतिहास

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, हा स्नायू हळूहळू झिजवणारा आजार असलेल्या मुलाच्या आईवडिलांना काही वर्षांच्या अंतराने दोन उलटे सल्ले मिळतात. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना ‘खाणं आवरा’ आणि सतरा-अठराचा झाला की ‘कसंही करून वजन वाढवा’. दोन्ही सल्ले आपापल्या वेळी बरोबरच असतात.

फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी 1861 मध्ये आणि अधिक तपशिलाने 1868 मध्ये या आजाराचे वर्णन केले. मुलांच्या पोटऱ्या भरदार दिसत, पण पायांत ताकद नसे. स्नायूंचे बारीक तुकडे सुईने काढून तपासल्यावर स्नायूंची जागा तंतू आणि चरबीने घेतल्याचे दिसले. वजनाचा घोळही इथूनच सुरू होतो. शाळेच्या आरोग्य तपासणीत ‘वजन योग्य’ असा शेरा मिळालेल्या या मुलाच्या अंगात चरबी बरीच जास्त असू शकते, कारण स्नायू घटलेले काट्यावर दिसत नाहीत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, तोही याच कारणाने फसवतो.

तरीही वजन कमी करायला डॉक्टर बराच काळ कचरत. खाणे कमी केले तर उरलेले स्नायूही झडतील, अशी भीती होती. 1984 मध्ये ब्रिटनमधल्या एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी देखरेखीखाली या मुलांचे वजन सुरक्षितपणे उतरवता येते हे दाखवले. 1988 मध्ये ग्रिफिथ्स आणि एडवर्ड्स यांनी स्नायूंची घट हिशेबात धरून या मुलांसाठी वजनाचा वेगळा तक्ता दिला.

मग स्टेरॉइड आले. 1989 मध्ये 103 मुलांवरच्या सहा महिन्यांच्या चाचणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडने ताकद वाढल्याचे सिद्ध झाले. दिवसाला, किलोमागे 0.75 मिलिग्रॅम हा डोस तिथूनच रूढ झाला. भूक मात्र प्रचंड वाढते. डेफ्लाझाकोर्ट या दुसऱ्या स्टेरॉइडने वजन तुलनेने कमी वाढते, पण मोतीबिंदूवर लक्ष ठेवावे लागते. चेहरा गोल झाला की पाहुणे ‘तब्येत सुधारली’ म्हणतात, तर घरचे घाबरून गोळी बंद करतात. असे एकदम कधीही करू नये. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे मंदावलेले असते, त्यामुळे उलट्या होऊन, रक्तदाब पडून जिवावर बेतू शकते. डोस फक्त डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

म्हणून आहाराची आखणी गोळी सुरू होते त्याच दिवशी करावी. वाढलेले वजन उतरवणे फार अवघड जाते. सांगली-साताऱ्याकडच्या ताटात ज्वारीच्या भाकरीपेक्षा तिच्यासोबतचा ऐवज भारी पडतो. 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे 175 कॅलरी असतात. शेंगदाण्याच्या चटणीवर तेल ओतून दोन मोठे चमचे वाढले की जवळपास तेवढ्याच कॅलरी पोटात जातात. चटणी एक लहान चमचा, तीही कोरडी, पुरे. येताजाता भडंग, मूठ-मूठ तासगावचे बेदाणे, पाहुण्यांनी आणलेले कंदी पेढे यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. दुसरी भाकरी मागितली तर आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मटकीची उसळ, पातळ ताक द्यावे. स्टेरॉइडने शरीरात पाणी साठते, म्हणून पापड-लोणचे बंद किंवा नाममात्र. हाडेही ठिसूळ होतात, तेव्हा दूध तोडू नये, साय काढून द्यावे. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, पण आंबिलीत गूळ घालू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी वर्षातून एकदा करावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी या मुलांना अजिबात सोयीची नाही.

दुसरा सल्ला आला तो आयुष्य वाढल्यामुळे. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या 2002 च्या आढाव्यानुसार 1960 च्या दशकात या मुलांचे मृत्यूचे सरासरी वय 14.4 वर्षे होते. 1990 नंतर रात्री व्हेंटिलेटर मिळालेल्यांत ते 25.3 झाले. आधी फारशी कुणाला न दिसलेली अवस्था तेव्हा समोर आली: जबडा थकतो, गिळताना ठसका लागतो, जेवण अर्ध्या तासावर लांबते आणि वजन उतरू लागते. 1993 च्या एका फ्रेंच अभ्यासात तेराव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुले स्थूल, तर अठराव्या वर्षी निम्म्याहून अधिक कुपोषित आढळली होती. 2010 च्या आणि 2018 मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहारतज्ज्ञ उपचारांच्या चमूचाच भाग आहे.

वजनाची नोंद हवीच, आणि मूल उभे राहत नाही म्हणून ती थांबता कामा नये. धान्याच्या दुकानातल्या सपाट काट्यावर व्हीलचेअरसह वजन घ्यावे, मग रिकाम्या खुर्चीचे वजा करावे. कपडे आणि काटा दर वेळी तेच. उंचीऐवजी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजतात. बारीक होत चाललेल्या मुलाला मऊ भात-वरणावर तूप, घट्ट खीर, थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे. तरी वजन घसरतच राहिले किंवा ठसके वाढले तर अन्न थेट जठरात पोचवणारी नळी पोटातून बसवण्याचा विचार करावा लागतो. फुप्फुसे अजून बरी असतानाच त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, कारण पुढे भूल देण्यातला धोका वाढत जातो. नळी बसली तरी गिळणे सुरक्षित असेल तेवढे चवीपुरते तोंडाने खाता येते.