रग्बी लीगमध्ये जखमी खेळाडूला कोणतं संरक्षण मिळतं? आरोप, सुनावणी, बदली खेळाडू आणि लागणारी कागदपत्रं

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटा-हॅरिस पार्ककडे राहणाऱ्या मराठी आईबापांना मूल शाळेतून रग्बी लीगचं नाव घेऊन घरी आलं की पहिली धास्ती दुखापतीची वाटते. ती रास्तच आहे. कबड्डीतली पकड पूर्ण वेगात धावणाऱ्या माणसावर बसावी, तसा हा खेळ, आणि डोक्यावर कडक हेल्मेटही नाही. मात्र जखमी खेळाडूसाठी इथे नियम पक्के आहेत. खालची माहिती मुख्यतः एनआरएलची, म्हणजे नॅशनल रग्बी लीग या व्यावसायिक स्पर्धेची आहे. मुलांच्या सामन्यांचं शेवटी वेगळं दिलं आहे.

मैदानावर काय चालत नाही

टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याची पकड, पूर्ण झाला की त्या खेळाडूला तिथून ओढायचं किंवा सरकवायचं नाही, हा खेळाचा मूळ नियम. धडधाकट माणसाच्या बाबतीत तो मीटर-दोन मीटर जागेचा वाद असतो. मानेला मार लागलेला माणूस खाली पडला असेल, तर तोच नियम त्याचं पुढचं आयुष्य ठरवू शकतो. भान हरपलेल्या खेळाडूला दंडाला धरून उभं करणं किंवा धक्का देऊन बाजूला करणं, यावर रेफ्री पेनल्टी देऊ शकतो. शिवाय खेळाच्या खऱ्या भावनेविरुद्ध वर्तन केल्याबद्दल नंतर आरोपही लागू शकतो. स्वतःच्या संघातल्या मित्रानेही त्याला उठवायला जाऊ नये. ट्रेनर, म्हणजे मैदानावर प्रथमोपचार करणारा संघाचा माणूस, येईपर्यंत हात लावायचा नाही, एवढंच प्रत्येकाने लक्षात ठेवायचं.

जखमेच्या नावाखाली खेळ थांबवून दम खाण्याची सोय मात्र ठेवलेली नाही. ट्रेनरने खेळ थांबवायला सांगितलं, तर तो खेळाडू बदलावा लागतो किंवा निदान दोन मिनिटं बाहेर ठेवावा लागतो. हा नियम २०२१ चा.

आरोप कसा लागतो आणि पुढे काय

सामन्यानंतर मॅच रिव्ह्यू कमिटी चित्रफिती तपासते. रेफ्रीला प्रसंग दिसला नसला, तरी आरोप लागू शकतो. मानेच्या वर झालेला ‘उंच’ टॅकल, उचलून धोकादायकरीत्या आपटणं, मानेवर भार टाकणारा ‘क्रशर’ आणि मागून पायांवर अंग टाकणारा ‘हिप ड्रॉप’ हे नेहमीचे आरोप. प्रत्येकाला श्रेणी दिली जाते. फारच गंभीर प्रकरण श्रेणी न देता थेट ज्युडिशियरीकडे, म्हणजे शिस्तपालन न्यायमंडळाकडे पाठवलं जातं.

नोटीस मिळालेल्या खेळाडूला तीन वाटा असतात. पहिली म्हणजे मुदतीत कबुली देऊन कमी शिक्षा घेणं. दुसरी, गुन्हा मान्य करून श्रेणी कमी करून मागणं. तिसरी, आरोपच नाकारून सुनावणीला जाणं. हरलं तर शिक्षा वाढते, म्हणून बहुतेक जण कबुलीच देतात. २०२२ मध्ये गुणांची जुनी पद्धत जाऊन नवी आली, तेव्हा निष्काळजी उंच टॅकलच्या सर्वांत खालच्या श्रेणीत पहिल्या गुन्ह्याला कबुली दिल्यास १,००० आणि हरल्यास १,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठेवला गेला. वरच्या श्रेणींत सामन्यांची बंदीच येते.

सुनावणीत माजी खेळाडूंचं पॅनल बसतं आणि अध्यक्ष कायद्याचा जाणकार असतो. क्लब वकील देऊ शकतो. कागदपत्रांत आरोपाची नोटीस, त्यावरचं लेखी उत्तर आणि खेळाडूची मागची शिस्तीची नोंद येते. जखमीचा वैद्यकीय अहवालही पुढे येऊ शकतो. पण सगळ्यात वजन असतं ते वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रफितींना.

२४ मार्च २०१४ रोजी मेलबर्नमधल्या सामन्यात न्यूकॅसल नाइट्सचा अ‍ॅलेक्स मॅकिनन तिघांच्या टॅकलमध्ये उचलला गेला आणि डोक्यावर पडला. मान मोडली, खेळ कायमचा संपला. मेलबर्न स्टॉर्मच्या जॉर्डन मॅक्लीनला ज्युडिशियरीने सात सामन्यांची बंदी दिली. सात सामने आणि चाकाची खुर्ची हे एका ओळीत वाचताना आजही पोटात तुटतं. पण शिस्तीचा नियम कृत्याचा दोष मोजतो, जखमेची भरपाई करत नाही. ती अपेक्षा घेऊन या प्रक्रियेकडे पाहिलं, तर पदरी निराशाच येते.

अठरावा खेळाडू: कधी मिळतो?

माझ्या मते हा नियम सगळ्यांत न्याय्य आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमवर साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेलच्या उंच टॅकलमध्ये सिडनी रूस्टर्सच्या जोई मनूचं गालाचं हाड मोडलं आणि त्याचा मोसम तिथेच संपला. मिचेलला १० मिनिटं सिन बिनमध्ये, म्हणजे शिक्षा म्हणून मैदानाबाहेर, बसवलं गेलं. पुढे सहा सामन्यांची बंदी आली आणि त्याची अंतिम फेरीही हुकली. साउथ सिडनी ती पेनरिथकडून १४-१२ अशी हरली. म्हणजे मिचेल मैदानात नसल्याचा फायदा पेनरिथला झाला. ज्यांचा माणूस रुग्णालयात गेला, त्या रूस्टर्सच्या हाती बंदीतून काहीच आलं नाही.

हीच उणीव अठरावा, म्हणजे जादा राखीव, खेळाडू थोडीफार भरून काढतो. एरवी संघात १३ जण मैदानात आणि चार बाकावर असायचे. २०२१ मध्ये आलेल्या या नियमानुसार अठराव्याला उतरवण्याची पात्रता दोन प्रकारे ठरली. प्रतिस्पर्ध्याच्या नियमबाह्य कृत्यामुळे खेळाडू त्या सामन्यापुरता बाद व्हावा आणि ते कृत्य करणाऱ्याला सिन बिन किंवा थेट बाहेरचा रस्ता दाखवला गेलेला असावा, ही पहिली. एकाच संघाचे तीन खेळाडू डोक्याच्या तपासणीत नापास व्हावेत, ही दुसरी. त्या नियमात नुसत्या अपघाती दुखापतीला अठरावा मिळत नव्हता. रेफ्रीने फक्त पेनल्टी दिली असेल, तरीही नाही. म्हणून त्या क्षणी रेफ्री दोषी खेळाडूला मैदानाबाहेर काढतो की नाही, याला एवढं महत्त्व होतं.

डोक्याला मार लागला असेल तर

भान हरपणं, पडताना हात पुढे न येणं, तोल जाणं, झटका येणं अशी ठळक लक्षणं दिसली, तर त्या दिवशी परत खेळता येत नाही. शंका असेल तर १५ मिनिटांची तपासणी होते, तिला एचआयए म्हणतात. २०२२ पासून बंकरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चित्रफिती तपासणाऱ्या कक्षात, बसलेला स्वतंत्र डॉक्टर पडद्यावर पाहून खेळाडूला बाहेर काढायला सांगू शकतो. हे फार बरं झालं, कारण क्लबच्या डॉक्टरवर गुणफलकाचं दडपण असतं.

कन्कशनचं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजेचं, निदान झालं की २०२३ पासून किमान ११ दिवस सामना बंद. सूट मिळू शकते, पण ती क्लबला मागावी लागते. लक्षणं पूर्ण गेलेली असावी लागतात, डोक्याच्या जुन्या दुखापतींची नोंद तपासली जाते आणि स्वतंत्र तज्ज्ञाचा होकार लागतो.

मुलांच्या सामन्यांसाठी

मुलांना ११ दिवसांचा हिशेब लावू नका. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या फेब्रुवारी २०२४ च्या सूचनांनुसार मुलं आणि हौशी खेळाडू यांनी अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी सलग १४ दिवस लक्षणमुक्त असावं, आणि सामना दुखापतीपासून किमान २१ दिवसांनी. दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. लक्षणं दहा दिवस टिकली, तर २१ दिवसही पुरत नाहीत.

घरी एक फाइल करून ठेवा. सामन्याच्या दिवशी क्लबच्या फर्स्ट-एड अधिकाऱ्याने किंवा ट्रेनरने भरलेला डोक्याच्या दुखापतीचा फॉर्म, जीपीकडच्या, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडच्या, पहिल्या भेटीची नोंद आणि परतण्याआधीचं डॉक्टरांचं लेखी परवानगीपत्र त्यात हवंच. लक्षणं कोणत्या तारखेला पूर्ण थांबली, तेही लिहा, कारण १४ दिवस तिथून मोजायचे असतात. मैदानाकडेला ‘लीगसेफ’ म्हणून नेमलेली व्यक्ती दिसेल. तिला मूलभूत प्रशिक्षण असतं, उपचाराचा अधिकार नसतो. त्यासाठी फर्स्ट-एड अधिकारी किंवा ट्रेनरच हवा.

मुलाला मुद्दाम इजा झाली असं वाटलं, तर रेफ्रीशी मैदानात वाद घालू नका. मिनिट, दोन्ही खेळाडूंच्या जर्सीचे क्रमांक आणि असेल तर मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन त्याच संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. स्थानिक लीगकडे तक्रार सहसा क्लबमार्फतच जाते आणि मुदत थोडी असते. व्हिडिओ कापून किंवा संथ करून पाठवू नका, मूळ फाइलच द्या.