ईबी-१ए: कात्रणावर तारीख आहे का?

अमेरिकेच्या ईबी-१ए व्हिसासाठी (आपल्या क्षेत्रात असामान्य कर्तबगारी असलेल्यांना तिथे कायमचं राहू देणारा) जळगाव-धुळ्याकडून निघालेली फाईल उघडली की कात्रणांचा गठ्ठा निघतो. केळीवरचा संशोधक असो की अहिराणी गायक, कात्री चालवताना तारखेची पट्टी उडालेली असतेच. नियमाला मात्र लेखाचं शीर्षक, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव हवं. आपल्याकडे बातमीखाली नुसतं ‘प्रतिनिधी’ असतं! म्हणून पान अख्खं ठेवा. आणि बातमी तुमच्या कामावर हवी. ‘उपस्थितांमध्ये’ नाव आलं, तर उपयोग नाही.

अर्ज आय-१४० नमुन्यावर, स्वतःच करता येतो. नोकरी देणारा लागत नाही. (ओ-१ व्हिसा वेगळा: तोही अशाच कर्तबगारांसाठी, पण तात्पुरता, आणि त्यासाठी अमेरिकेतला मालक किंवा एजंटच अर्ज करतो.) नोबेलच्या तोडीचा एखादा पुरस्कार नसेल, तर नियमातल्या दहापैकी किमान तीन निकषांत बसावं लागतं; कात्रणं, पुरस्कार, सभासदत्व हे त्यांतलेच. तीन जमले म्हणून पेढे वाटू नका. त्यानंतर अख्खी फाईल तोलतात: या क्षेत्रातल्या वरच्या मोजक्यांत हा माणूस बसतो का?

शाल-श्रीफळाचा फोटो इथेच तोकडा पडतो. पुरस्कार देशपातळीवर ओळखला जातो का, निवड कोणी केली, किती जणांतून केली, हे आयोजकांकडून लेखी घ्या. पैसे भरून मिळालेलं आजीव सभासदत्व तर जोडूच नका.

मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. ते पूर्ण व अचूक आहे आणि दोन्ही भाषा आपल्याला येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलं की झालं. लोक तरी कोर्टाच्या आवारात स्टॅम्प पेपरसाठी रांग लावतात.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून जादा पुराव्याची नोटीस आली, तर तिच्यावरची तारीख उत्तर तिकडे पोचण्याची असते, टपालात टाकण्याची नव्हे. मुदत वाढत नाही. उत्तरही एकदाच, सगळं एकत्र. ‘उरलेलं मागून पाठवतो’ चालत नाही.

मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. भारतात जन्मलेल्यांची या वर्गातही रांग आहे. रांग कुठवर आली हे सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन पाहत राहा. तोवर जन्मदाखला काढून घ्या. बाळंतपण आईच्या माहेरी झालं असेल, तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत असते, आणि पुष्कळदा तिथे नावाच्या जागी नुसती रेघ असते. नोंदच सापडली नाही, तर तिथूनच अनुपलब्धतेचा दाखला घ्या. नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही.